पुढचं माझ्या भावाकडे आहे

९ जानेवारी

शंकासुरा,

आशीर्वाद लिहीत नाही. आशीर्वादाने नेमकं काय होतं, पुरावा काय, असं तू विचारशील, आणि मला वाद घालायला वेळ नाही, शाळेच्या गणवेशांचं कापड बेतायचं पडलंय. पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पडू देत. फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही. ते टेबलावर पडून डोळे वटारत राहतं.

तर काम असं आहे. देवळाच्या कमिटीला दारात फलक लावायचाय, मंदिराचा इतिहास म्हणून. सेक्रेटरी परवा दुकानात आले आणि मशीनपाशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही गोष्टवाल्यांच्या घरातल्या, तुम्हीच लिहून द्या. एका पानात बसवा, लोकांना वेळ नसतो." मी म्हटलं, अहो, माझ्याकडे अर्धीच आहे. तर म्हणतात, "मग अर्धं पान चालेल." हसू नकोस.

बसले लिहायला. पूर्वार्ध मला झोपेत विचारलास तरी सांगेन. राजाने देऊळ बांधायला दोन भाऊ बोलावले, दोघेही दगडाशी बोलणारे. थोरल्याने उत्तरेचे खांब कोरायचे, धाकट्याने दक्षिणेचे. मधे जाड पडदा. काम पुरं होईपर्यंत एकाने दुसऱ्याकडे बघायचं नाही, अशी देवापुढे आण घेतली. हातोड्याचा आवाज तेवढा एकमेकांना ऐकू यायचा, तेच त्यांचं बोलणं. एक दिवस पलीकडचा आवाज थांबला. थोरल्याने पडदा बाजूला केला. धाकटा नुसता मागे सरून आपला हत्ती न्याहाळत होता. सोंड झाली होती, पाय व्हायचे होते. थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "वा!" धाकटा वळला. कौतुक त्याच्या कानात शिरलंच नाही, मोडलेली आण तेवढी दिसली. छिन्नी तिथेच टाकून तो दक्षिणेच्या दाराने चालता झाला. थोरला देवाच्या पाया पडला. म्हणाला, देवा, माझ्यामागे काम आहे, मला वाट बघत बसता येत नाही, तेवढी तू बघ. आणि आपल्या विष्णूने मान दक्षिणेच्या दाराकडे वळवली. ती अजून तशीच आहे.

इथे माझं संपतं. लोक विचारतात, "मग? आला का धाकटा?" मी म्हणते, "पुढचं माझ्या भावाकडे आहे." भाऊ कुठाय? लांब असतो, दगडांची वयं सांगतो. लोक हसतात. आता तीच इथली खासियत होऊन बसलीये. परवा एक बाई जाता जाता मैत्रिणीला म्हणाली, "इथे ना, गोष्ट अर्धीच देतात."

आपली रीत मी मोडणार नाही. अर्धी एकाने, अर्धी दुसऱ्याने, दुसऱ्याच्या अर्ध्याला हात लावायचा नाही. बाबा आणि आत्या तसंच सांगायचे. आत्या गेली तेव्हा तू रांगत होतास, मला तिचा आवाज आठवतो पण शब्द एक नाही. बाबांना विचारलं तर म्हणायचे, "ते तिचं होतं." आणि लोकांना सांगायचे, उत्तरार्ध लेकाकडे जाणार, मोठा होऊ दे त्याला. तो द्यायला बाबांनी तुला आत सभामंडपात नेलं त्या दिवशी मी बाहेर पायरीवर बसून जळत होते रे तुझ्यावर. तू बाहेर आलास तो कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून. सगळं मिळूनही याचं तोंड वाकडं, असं मनात आलं होतं माझ्या.

तर तुझा उत्तरार्ध दोन ओळींत लिहून पाठव. फलकापुरता.

ताई

ता. क. बाबा बोलत नाहीत. तुझ्याशी बोलत नाहीत ते वेगळं. आता कोणाशीच बोलता येत नाही त्यांना.


३० जानेवारी

शंकासुरा,

तुझं पाकीट मिळालं. जाड लागलं म्हणून काय आनंद झाला म्हणून सांगू! उघडलं तर देवळावरच्या तुझ्या लेखाची छापील पानं. दगड दोन वेगळ्या खाणींतला. उत्तरेची बाजू आणि दक्षिणेचे पहिले काही खांब एका काळचे, बाकीची दक्षिण बाजू त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, हत्यारं वेगळी, हात वेगळे. देवाची मान वळली कारण दगडात शीर होती आणि मूर्तिकाराला ती चुकवायची होती. अरे, हे मला पाठ आहे! याच पानांवरून तर घर फुटलं.

पण शेवटच्या पानामागे पेनाने लिहिलंयस, "बाबांना काय झालंय? मला कोणी का कळवलं नाही?" ते मी पाच-सहा वेळा तरी वाचलं असेल. कळवलं नाही कारण बाबांनीच मान हलवून नको म्हटलं. आणि मी ऐकलं, कारण मलाही तुझा राग होता. अजून आहे. पण आता सगळं सांगते.

गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डावा हात चालतो, ऐकू नीट येतं, समजतं सगळं. तोंडातून एकच गोष्ट निघते, "हं."

तुला आठवतं ना, लहानपणी बाबा गोष्ट सांगताना आपल्याला हुंकार द्यायला लावायचे? हुंकार थांबला की गोष्ट थांबली. "ऐकणारा झोपला तर सांगणाऱ्याने कोणासाठी तोंड वाजवायचं?" जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांकडून हुंकार घेतला, त्यांच्याकडे आता तेवढाच उरलाय. मी रोज संध्याकाळी त्यांना खुर्चीतून देवळाच्या पायरीपर्यंत नेते, सेक्रेटरींचा मुलगा खुर्ची उचलू लागतो. मी गोष्ट सांगते, ते हुंकार देतात. पडद्यापाशी हं. हत्तीपाशी हं. देवाने मान वळवली, हं. आणि मी थांबते. माणसं उठतात, चपला शोधतात, जातात. बाबांचा हुंकार चालूच राहतो. हं. हं. रस्त्याकडे बघत. घरी आणून अंथरुणावर टेकवलं तरी, तोंडात घास दिला तरी, हं. पुढचं ऐकायचंय त्यांना. मी काय सांगू? एकदा वैतागून ओरडले, "बाबा, नाहीये माझ्याकडे!" त्यावर पुन्हा हं. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

तो पेपरचा दिवस मी विसरलेले नाही. पेपरवाल्याने भर पायरीवर लोकांसमोर तुझा लेख वाचून दाखवला, आणि बाबांचा चेहरा पडला. तू आलास तर म्हणाले, "दगडातली शीर दिसली याला, देवाची मान नाही दिसली." तू म्हणालास, "मी त्या पायरीवर बसून खोटं सांगणार नाही." दोघेही एका माळेचे मणी. मधल्यामधे मी.

डॉक्टर म्हणतात आहे हे असंच चालेल, पण दुसरा झटका आला तर ऐकणं-समजणंही जाईल. कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून आता फलक गेला खड्ड्यात. तू ये आणि तुझं अर्धं बाबांना ऐकव. खोटं वाटत असेल तर वाटू दे. त्यांना पुरी गोष्ट ऐकू दे एकदा, कान आहेत तोवर.

ताई


१८ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं कार्ड. "माझ्याकडे उत्तरार्ध नाही. कधीच नव्हता. त्या दिवशी मंडपात त्यांनी मला काहीही सांगितलं नाही. म्हणाले, जा, दक्षिणेचे खांब बघ, काय दिसतं ते मला येऊन सांग. मला वाटलं, टाळतायत. खरी गोष्ट त्यांनी लाडक्या लेकीला दिली असणार. तुझ्याकडेच असेल, नीट आठव."

मी डोक्याला हात लावून बसले. इतकी वर्षं मी समजतेय तुझ्याकडे, तू समजतोयस माझ्याकडे! एकमेकांना विचारायचं नाही ही घरची रीत, आणि आपण दोघं शहाणे ती तेवढी पाळत बसलो.

मग म्हटलं, आत्याचा शेवट ऐकलेलं कोणीतरी असेलच ना गावात. नाक्यावरचे केस कापणारे काका आठवले. त्यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकाची अर्धी हजामत झालेली, काकांनी कात्री तशीच हवेत धरली आणि विचारलं, "कुठला शेवट हवाय पोरी? तुझ्या आत्याचा, का तिच्या आधीच्या चुलतआजोबांचा?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय! आत्या सांगायची, धाकटा वेष पालटून आला, मजुरात मिसळला, थोरल्याच्याच हाताखाली दगड वाहू लागला. थोरल्याने हातोड्याच्या ठेक्यावरून ओळखला, पण बोलला नाही. ओळख दाखवली आणि पुन्हा गेला तर? आणि आजोबा सांगायचे, धाकटा आला तेव्हा थोरला मरून गेला होता. मग त्याने काम पुरं केलं आणि खाली भावाचं नाव घातलं."

"यातला खरा कुठला?"

"मी काय कोर्ट आहे? दोन्हीला रडू यायचं." गिऱ्हाईक म्हणालं, काका, माझं डोकं. काका म्हणाले, "थांब रे, तुझं डोकं कुठे पळून चाललंय?" मग मला म्हणाले, "दुसरं अर्धं कोणी कोणाला देत नसतं. ज्याचं त्याने आणायचं. तुझे बाबा हे बोलले नाहीत कधी?"

परत येताना मी देवळात गेले, हत्तीपाशी उभी राहिले. आत्याचं मला एक माहीत आहे, आईने सांगितलेलं. लग्नानंतर ती बाबांशी भांडून काही वर्षं माहेरी आली नाही. मग एक दिवस आली, कोणाशी न बोलता झाडू घेतला आणि अंगण झाडायला लागली. बाबांनीही काही विचारलं नाही, चहा ठेवला. तिचा शेवट कुठून आला ते कळलं ना तुला? आता बाबांचं वाक्य पुन्हा वाच. दक्षिणेचे खांब बघ, काय दिसतं ते मला येऊन सांग. टाळत नव्हते रे ते. तुझा उत्तरार्ध तुला आणायला पाठवत होते.

आणि तू गेलासही. असा गेलास की दगडांची वयं शिकलास, त्यातच पोट भरलंस, भिंग घेऊन त्याच खांबांपाशी परत आलास. सगळं बघितलंस. आणि सांगितलंस कोणाला? पेपरला! बाबा इतकी वर्षं पायरीवर कान देऊन बसले होते, आणि त्यांना तुझी गोष्ट पेपरवाल्याच्या तोंडून ऐकावी लागली. दगडाच्या वयाचा राग नव्हता त्यांना, असं मला वाटतं. विचारून खात्री करून घेता येत नाही, त्या दिवसाबद्दल विचारलं तर मानही हलवत नाहीत, नुसतं हं म्हणतात.

खोटं सांगू नकोस. तुला जमणारही नाही, लहानपणी साखर खाल्लीस तरी कान लाल व्हायचे तुझे. जे दिसलं ते सांग. फक्त इथे येऊन, त्यांच्याकडे तोंड करून सांग. कागद पाठवलास तर मी तो चुलीत घालेन.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

शनिवारी दुपारच्या गाडीने येतोस हे वाचलं. बाबांना सांगितलेलं नाही. तू आला नाहीस तर ते तोंड मला बघवणार नाही. जेवायचा थांबू नकोस वाटेत, घरी आहे. आणि त्यांच्यासमोर गळा काढू नकोस, रडायचं असेल तर आधी माझ्या दुकानात ये, तिथे मशीनच्या आवाजात कळत नाही कोणाला.


६ मार्च

भाऊ,

पोचल्याचा फोन केलास, बरं वाटलं. या वेळी "बघतो ताई" म्हणाला नाहीस. तरी हे पत्र लिहितेय, कारण शनिवारचं काही तुला माहीतच नाही. तू डोळे मिटून सांगत होतास. बाबांकडे तोंड करून बसलास खरा, पण डोळे घट्ट मिटलेले, कडू औषध प्यायल्यासारखे.

तुला बघून ते एवढे का शांत राहिले, असं तू जाताना विचारलंस. शांत कुठले! तू पायरी चढलास तेव्हा त्यांनी माझा हात असा दाबला की बोटं दुखली. मी माझं अर्धं नेहमीपेक्षा घाईने सांगितलं, दोनदा चुकले, छिन्नीच्या जागी पडदाच टाकून दिला. मान वळवल्यावर थांबले. लोकांनी विचारलं, मग? आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शेजारी बोट दाखवलं.

तुझी सुरुवात म्हणजे कमालच. "धाकटा आला नाही. आल्याचा पुरावा नाही." माणसांचे चेहरे असे उतरले की मला वाटलं, आता चपला शोधतात. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. पण बाबा म्हणाले, हं. खणखणीत. तो ऐकून तुझा आवाज सुटला.

मग तू सांगितलंस, दोनशे वर्षं दक्षिण बाजू उघडीच होती. त्या खांबांवर पाणी निथळल्याच्या खुणा आहेत, छप्पर असतं तर त्या पडल्या नसत्या. हं. मग दुसरे लोक आले. दगड लांबून आणला, कारण जवळची खाण संपली होती. हात जरा जड, वेली जाडजूड. पण त्यांनी राहिलेले खांब उभे केले, छत घातलं. हं. आणि तो हत्ती, सोंड असलेला, पाय नसलेला, त्याला त्यांनी हात लावला नाही. हत्ती कोरता येत नव्हता म्हणावं तर पुढच्याच खांबावर त्यांनी कोरलेला हत्ती आहे. तरी हा तसाच ठेवला. नव्या हत्याराचा एक घाव नाही त्याच्यावर, मी भिंग लावून बघितलंय, असं म्हणालास.

कोणीतरी विचारलं, "का नाही लावला हात?"

तू म्हणालास, "का ते दगडात लिहिलेलं नसतं." शंकासूरच तू! मग म्हणालास, "मला वाटतं, त्यांनाही कोणीतरी पूर्वार्ध सांगितला असणार."

मागे केस कापणारे काका बसले होते, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. एका बाईने विचारलं, "आणि देवाची मान?" तू म्हणालास, शीर चुकवायला वळवली हे खरं. दुसऱ्या बाजूला वळवली असती तरी शीर चुकली असती. आणि थांबलास.

तेव्हा हुंकार आला नाही. तुला वाटलं, बाबांना आवडलं नाही, तुझा चेहरा मी बघितला. मी वाकले, त्यांच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास चालू होता, संथ. झोपले होते रे! वर्षभर रात्र रात्र हं हं करत जागणारा माणूस भर पायरीवर, एवढ्या माणसांत, गोष्ट संपल्यावर लहान मूल झोपतं तसा झोपला होता. त्यानंतर घरी रोज झोपतात. मी संध्याकाळी माझं अर्धं सांगते, लोक विचारतात मग, मी म्हणते पुढचं माझ्या भावाकडे आहे, येतो तो मधून मधून. बाबा ऐकतात आणि गप्प बसतात.

सेक्रेटरींच्या फलकावर मी तुझी वयं घातली, दोन खाणी आणि दोनशे वर्षं, सगळं. खाली लिहिलं, गोष्ट संध्याकाळी पायरीवर. ते म्हणाले, अर्धाच फलक भरला. मी म्हटलं, अर्ध्याच फलकाची शिलाई लावा.

एक राहिलं. सांगता सांगता तू दोनदा शर्ट बाजूने ओढलास, कशात तरी अडकलाय असं वाटून. कशात अडकला नव्हता. बाबांनी डाव्या हाताच्या मुठीत धरला होता. हत्तीला हात लावला नाही म्हणालास तेव्हा धरला, तो झोपेतही सोडला नाही. तू तोंड फिरवून उठायला लागलास तेव्हा मीच एकेक बोट सोडवलं.

त्या शर्टाची बाजूची शिवण उसवली असणार. टाकून देऊ नकोस. येताना घेऊन ये, मी शिवण घालून देईन.

तुझी ताई